सहाध्ययन आणि शैक्षणिक तंत्रसाधने

शालेय वयातील मुलांनी लहान गटांत, एखाद्या साधनाभोवती एकत्र येऊन, एकमेकांच्या साहाय्याने केलेल्या अध्ययनास तंत्रसाधनयुक्त सहाध्ययन म्हणता येईल. यातील साधन पाटी, मण्यांची माळ किंवा जमिनीवर आखलेले चक्र असू शकते. त्याचप्रमाणे ते आकाशवाणी संच, दूरचित्रवाणी, संगणक किंवा भ्रमणध्वनीही असू शकते. साधनाचे स्वरूप बदलले, तरी त्याच्याभोवती बसलेली मुले आपापसांत काय बोलतात, कोण कोणाला समजावून देते आणि कोण मागे राहते, हे प्रश्न बदलत नाहीत. प्रस्तुत नोंदीत या विषयाचा विचार मुख्यत्वे सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. हे दोन्ही जिल्हे पूर्वी एकच होते. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे विभाजन झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. पश्चिमेस कोयना, जावळी, महाबळेश्वर व शिराळा हा डोंगराळ, अतिवृष्टीचा भाग, मध्ये कृष्णाकाठची सधन गावे आणि पूर्वेस माण, खटाव, आटपाडी व जत हा अवर्षणप्रवण प्रदेश, अशी या भूभागाची रचना आहे. डोंगरातील वाडीवरची दहा-पंधरा मुलांची शाळा आणि कृष्णाकाठच्या मोठ्या गावातील शाळा यांच्या गरजा भिन्न असल्याने, एका साधनाचा उपयोग दोन्हीकडे सारखाच होईल असे गृहीत धरता येत नाही.

पूर्वपीठिका : मुलांनी मुलांस शिकविण्याची पद्धत भारतास नवी नाही. देशी शाळांत धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरविली जात आणि पुढे गेलेली मुले मागच्यांची उजळणी घेत. अँड्र्यू बेल (१७५३–१८३२) याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील अनाथालयात काम करीत असताना वाळूत अक्षरे काढणारी मुले पाहिली व त्यावरून विद्यार्थ्यांकरवीच अध्यापन करण्याची पद्धती बसविली. पुढे ती इंग्लंडमध्ये जोसेफ लँकेस्टर (१७७८–१८३८) याच्या तत्सम पद्धतीबरोबर प्रसार पावली. धूळपाटी हे साधन अत्यंत स्वस्त होते. चूक झाली तर हात फिरविला की ती नाहीशी होत असे आणि चार मुलांना ती एकदम पाहता येत असे. चुकण्याची भीती नसणे व सर्वांना दिसणे, हे धूळपाटीचे दोन गुण आजच्या संगणकाच्या पडद्यासही लागू पडतात.

सातारा जिल्ह्यात सहजीवनातून शिक्षणाची परंपरा कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी दृढ केली. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली व १९२४ मध्ये संस्थेचे कार्य सातारा येथे आणले. तेथील वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि एकत्र अभ्यास करीत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. ‘कमवा व शिका’ या योजनेत श्रमाचे साधन हेच शिक्षणाचे साधन होते. आजच्या अर्थाने तेथे तंत्रविद्या नव्हती. परंतु एका कंदिलाभोवती अनेक मुलांनी अभ्यास करण्याची जी सवय ग्रामीण शाळांस लागली, ती पुढील सर्व प्रयोगांची पायाभूत भूमी ठरली, असे म्हणता येईल.

तात्त्विक बैठक : स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे (१८९६–१९८०) यांच्या मते मूल ज्ञान जसेच्या तसे स्वीकारीत नाही, तर स्वतःच्या कृतीतून ते रचते. रशियन मानसशास्त्रज्ञ ल्येव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी यास सामाजिक बाजू जोडली. एखादी गोष्ट मुलास एकट्याने करता येत नाही, पण अधिक जाणत्याच्या मदतीने करता येते. या दोहोंमधील क्षेत्रातच खरे अध्ययन घडते, असा त्यांचा सिद्धांत आहे. येथे जाणता म्हणजे शिक्षकच असला पाहिजे, असे नाही. नुकतेच ते कौशल्य शिकलेला सवंगडी पुष्कळदा शिक्षकाहून अधिक उपयोगी पडतो. कारण आपण कोठे अडलो होतो, हे त्याच्या ताज्या स्मरणात असते. समजावून सांगणाऱ्या मुलासही लाभ होतो. आपल्याला जे समजले असे वाटते, ते दुसऱ्यासमोर मांडताना त्यातील उणीव उघडी पडते.

या विचारांचा संगणकाशी मेळ सीमोर पेपर्ट (१९२८–२०१६) यांनी घातला. प्याजे यांच्याबरोबर काम केलेल्या या गणितज्ञाने १९६७ मध्ये सहकाऱ्यांसह ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. संगणकाने मुलास शिकविण्याऐवजी मुलाने संगणकास शिकवावे, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होय. पडद्यावरील कासवास पुढे जा, उजवीकडे वळ अशा आज्ञा देऊन चौकोन काढताना मुले कोनाची संकल्पना आपोआप हाताळतात आणि कासव भलतीकडे गेले, तर चूक कोठे झाली ते मिळून शोधतात. महाराष्ट्रात यापूर्वीच ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी बालशिक्षणात स्थानिक, स्वस्त साहित्याचा व मुलांच्या स्वयंक्रियतेचा पुरस्कार केला होता. त्यामुळे रचनावादी विचार येथील शिक्षकांस सर्वस्वी परका वाटला नाही.

ध्वनिक्षेपणापासून संगणकापर्यंत : तंत्रसाधनांचा पहिला टप्पा श्रवणाचा होता. सांगली येथे १९६३ मध्ये आकाशवाणी केंद्र सुरू झाले. शालेय प्रसारणात एकच आवाज अनेक गावांत एकाच वेळी पोहोचत असे. तथापि ऐकणाऱ्या मुलास प्रश्न विचारण्याची सोय त्यात नव्हती. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात भारतात उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी शिक्षणाचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता. मात्र इन्सॅट उपग्रहांच्या काळात महाराष्ट्राचा समावेश झाला आणि १९८४ मध्ये पुणे येथे राज्य शैक्षणिक तंत्रविज्ञान संस्था म्हणजेच ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली. तिने मराठीतून मुलांसाठी अनेक कार्यक्रम निर्माण केले. एका पिढीच्या स्मरणात राहिलेली ही संस्था २०१७ मध्ये बंद करण्यात आली. दूरचित्रवाणी संचासमोर मुले एकत्र बसत, पण ते एकत्र पाहणे होते. कार्यक्रमानंतर शिक्षकाने चर्चा घडविली, तरच त्याचे एकत्र शिकण्यात रूपांतर होत असे.

केंद्र शासनाच्या १९८४-८५ च्या संगणक साक्षरता प्रकल्पाद्वारे देशातील सुमारे २५० शाळांत संगणक पोहोचले. ग्रामीण भागात मात्र संगणक आला, तो प्रथम शेतीच्या निमित्ताने. वारणानगर परिसरात १९९८ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकांनी जोडण्याची योजना होती. ऊस उत्पादकांना नोंदी व माहिती देणे, हा तिचा मुख्य भाग होता. काही वर्षांनंतर त्यांपैकी निवडक गावांत संगणकाऐवजी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांचा वापर करून पाहण्यात आला आणि तो अधिक सोयीचा व स्वस्त ठरला. जे साधन लोकांच्या हाती आधीच आहे व ज्याची दुरुस्ती जवळपास होऊ शकते, तेच ग्रामीण भागात टिकते, हा त्यापासून मिळालेला धडा शाळांनाही उपयुक्त आहे.

१९९९ मध्ये सुगत मित्रा यांनी दिल्लीतील कालकाजी येथे एका भिंतीत संगणक बसवून तो वस्तीतील मुलांसाठी खुला ठेवला. पुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यातही अशी केंद्रे उभारण्यात आली. कोणीही न शिकविता मुले गटाने संगणक हाताळावयास शिकतात, असे या प्रयोगात आढळले. एक मूल हाताळी, दुसरे सल्ला देई व बाकीचे पाहत, आणि पाहणारेही पुष्कळ काही शिकत. तथापि देखभालीची स्थानिक व्यवस्था नसल्याने काही राज्यांतील केंद्रे पुढे बंद पडलेली अभ्यासकांना आढळली. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैरात येथील एकशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलास एक छोटा संगणक देण्याचा भारतातील पहिला प्रयोग झाला. तेथे मुलांची संख्या सुमारे २२ होती. याच विचाराने दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात फार मोठ्या प्रमाणावर संगणक वाटण्यात आले. परंतु तेथील ३०० हून अधिक शाळांच्या अभ्यासात, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मुलांच्या गणित व भाषा या विषयांतील प्रगतीवर त्याचा परिणाम दिसून आला नाही. केवळ साधन दिल्याने शिक्षण घडत नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

एक साधन, अनेक मुले : भारतीय शाळांत एका संगणकाभोवती चार-पाच मुले बसणे हा अपवाद नसून नियम आहे. ही केवळ उणीव मानावी की संधी, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय. बडोदे येथील पालिका शाळांत २००२ ते २००४ या काळात चौथीच्या मुलांसाठी केलेल्या प्रयोगात एका संगणकावर दोन मुले, आठवड्यातून दोन तास, त्यांच्या पातळीनुसार बदलणारे गणिताचे खेळ खेळत. त्यांच्या गणितातील गुणांत पहिल्या वर्षी ०·३५ व दुसऱ्या वर्षी ०·४७ प्रमाण विचलनाइतकी वाढ झाली. शैक्षणिक प्रयोगांत ही वाढ बरीच मोठी मानली जाते. मात्र कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभरात या लाभाचा बराचसा भाग ओसरला.

दुसऱ्या बाजूस, कर्नाटकातील ग्रामीण शाळांच्या निरीक्षणात असे दिसले की, गटातील एकच मूल माऊस ताब्यात ठेवते आणि बाकीची हळूहळू प्रेक्षक होतात. हे मूल बहुधा वयाने मोठे, घरचे सधन किंवा मुलगा असते. यावर उपाय म्हणून २००६ च्या सुमारास बंगलोर येथील संशोधकांनी एका संगणकास अनेक माऊस जोडून प्रत्येकास पडद्यावर निराळ्या रंगाचा दर्शक दिला. तेव्हा प्रत्येक मूल कृतिशील झाले. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट उघडकीस आली. जो आधी उत्तर देईल तो जिंकला, असा खेळ ठेवला तर मुले, विशेषतः मुलगे, विचार न करता भराभर कळ दाबत. सर्वांचे एकमत झाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असा नियम केला तर ती थांबून बोलत आणि अधिक शिकत. म्हणजेच सहाध्ययन यंत्रात नसते. ते खेळाच्या नियमात असते आणि नियम ठरविणे शिक्षकाच्या हाती असते.

सातारा जिल्ह्यातील प्रयोग : सातारा तालुक्यातील कुमठे बीट हे नाव महाराष्ट्राच्या प्राथमिक शिक्षणात विशेष ओळखीचे आहे. बीट म्हणजे एका शिक्षण विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचा समूह. या बीटातील जिल्हा परिषदेच्या सुमारे ४० शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली रचनावादी पद्धतीने अध्यापन सुरू झाले. वर्गातील फरशीवर अक्षरांची व अंकांची चक्रे, तक्ते व खेळ रंगविण्यात आले. चिंचोके, खडे, मणी व काड्या ही गणिताची साधने झाली. शिक्षक खुर्ची सोडून मुलांबरोबर जमिनीवर बसू लागले. भिंतीवरचा फळा एकाच दिशेने पाहावा लागतो. जमिनीवरच्या चक्राभोवती मात्र मुले परस्परांसमोर बसतात व एकमेकांचे काम पाहू शकतात. एवढ्या साध्या बदलाने वर्गातील संभाषणाची दिशा पालटली. राज्याच्या अन्य भागांतील शिक्षक मोठ्या संख्येने या शाळा पाहावयास येऊ लागले.

२२ जून २०१५ रोजी राज्य शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जाहीर केला. त्यानंतरच्या काळात रचनावादी पद्धती व तथाकथित डिजिटल शाळा या दोन्हींचा प्रसार वेगाने झाला. अनेक गावांनी लोकवर्गणीतून प्रक्षेपक, दूरचित्रवाणी संच व टॅब विकत घेतले. यात्रेचा खर्च कमी करून शाळेस देणगी देणे, माजी विद्यार्थ्यांनी मुंबई-पुण्याहून निधी पाठविणे, असे प्रकार या भागात घडले. डिजिटल साधने येण्यापूर्वी जेथे मुले गटात बसून कृती करीत होती, तेथे नव्या साधनांचा उपयोग गटकार्यासाठी झाला. जेथे सर्व मुले फळ्याकडे तोंड करून बसत होती, तेथे फळ्याच्या जागी पडदा आला, एवढेच. जिल्ह्यातील फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांनी स्थापिलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने व तिच्या कमला निंबकर बालभवनाने मराठी वाचन-लेखनाच्या पद्धतशीर अध्यापनाचे जे काम केले, तेही येथे नमूद केले पाहिजे. कारण वाचता न येणारे मूल पडद्यासमोर केवळ चित्रे पाहते.

सातारा व सांगली यांना लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी (ता. माढा) येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत घालून ध्वनी व चित्रफिती पुस्तकाशी जोडल्या. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ही पद्धत स्वीकारली गेली. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाल्यावर त्यांनी पुरस्काराची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांस वाटून दिली.

महासाथीचा काळ : मार्च २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि साधन कोणाकडे आहे, हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. असर या राष्ट्रीय पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेल्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६·५ टक्के होते. ते २०२१ मध्ये ६७·६ टक्क्यांवर गेले. तथापि घरात फोन असणे आणि तो मुलास मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत. शेतावर किंवा कामावर जाणारा पालक फोन बरोबर नेतो, भावंडांत तो वाटून घ्यावा लागतो आणि अशा वाटणीत मुलीची पाळी बहुधा शेवटी येते.

या परिस्थितीत दोन प्रकारचे उपाय उल्लेखनीय ठरले. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पाठ सांगण्यापेक्षा घरातील वस्तू घेऊन, भावंडे व पालक यांच्यासमवेत करावयाच्या कृतींवर तिचा भर होता. माण तालुक्यातील विजयनगर येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक बालाजी जाधव यांनी साध्या फोनवरून एका वेळी काही मुलांना जोडून गोष्टी सांगण्याचा उपक्रम केला. त्यास स्मार्टफोन किंवा आंतरजाल लागत नसे. मुले गोष्ट ऐकत, प्रश्न विचारत आणि मित्रांचा आवाजही ऐकत. बंद घरात असलेल्या मुलास सवंगड्याचा आवाज ऐकू येणे हे अभ्यासाइतकेच महत्त्वाचे होते. नवे साधन नसतानाही जुन्या साधनाने सहाध्ययन साधता येते, याचे हे उदाहरण होय.

सांगली जिल्ह्यातील प्रयोग : साथ ओसरल्यावर शाळा भरू लागल्या, परंतु मुलांच्या हाती आलेला फोन सुटेना. कडेगाव तालुक्यातील सुमारे ३,००० लोकवस्तीच्या मोहित्यांचे वडगाव या गावाने यावर सामूहिक उपाय योजला. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी सात वाजता गावात भोंगा वाजू लागला. तो होताच घरोघरचे दूरचित्रवाणी संच व भ्रमणध्वनी बंद करावयाचे आणि मुलांनी साडेआठपर्यंत अभ्यास, वाचन करावयाचे, असा नियम ठरला. प्रारंभी शिक्षक, अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या यांनी घरोघर जाऊन लोकांस तो समजावून दिला. या प्रयोगाची दखल देशात व परदेशांतही घेतली गेली.

हा प्रयोग तंत्रसाधनांविरुद्ध आहे, असे वरवर पाहता वाटेल. वस्तुतः तो त्यांच्या वापराच्या नियमनाचा आहे. भोंगा हेही एक तंत्रसाधनच आहे. फोन प्रत्येकास एकटे पाडतो, तर भोंगा सर्वांना एकाच वेळी ऐकू येतो. एकट्या मुलास फोन ठेवावयास सांगणे ही शिक्षा वाटते. साऱ्या गावाने तो एकदम ठेवला, तर ती रीत होते. वडीलधाऱ्यांनीही आपली मालिका बंद करणे, हा त्यातील निर्णायक भाग आहे.

वर्गातील कार्यपद्धती : सहाध्ययनासाठी गट तीन ते पाच मुलांचा असावा व त्यात निरनिराळ्या पातळ्यांची मुले असावीत. शिक्षणहक्क कायद्यानुसार (२००९) ६० पर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. त्यामुळे डोंगरी भागात एका शिक्षकाकडे दोन किंवा अधिक इयत्ता असणे अटळ ठरते. अशा बहुवर्ग अध्यापनात शिक्षक एका इयत्तेस शिकवीत असताना दुसरीने काय करावे, हा नित्याचा प्रश्न असतो आणि तेथेच गटाला दिलेल्या टॅबचा खरा उपयोग होतो.

उदाहरणार्थ, चौथीच्या चार मुलांस गावच्या आठवडे बाजारातील भाजीचे दर नोंदवून आणावयास सांगितले, असे समजू. पहिले मूल विक्रेत्यास प्रश्न विचारील, दुसरे वहीत लिहील, तिसरे छायाचित्र घेईल व चौथे आकड्यांची पडताळणी करील. वर्गात आल्यावर चौघे मिळून टॅबवर तक्ता व स्तंभालेख तयार करतील. दर दहा मिनिटांनी कामांची अदलाबदल करावी. ज्याच्या हाती यंत्र आहे, त्याने स्वतःच्या मनाने काही करावयाचे नाही; इतरांनी ठरविलेले तेवढे करावयाचे, हा नियम पाळल्यास यंत्र बळकावण्याची वृत्ती बरीच कमी होते. शेवटी गटातील कोणत्याही एका मुलास शिक्षकाने निष्कर्ष विचारावा. कोणास विचारले जाईल हे अगोदर ठाऊक नसल्यामुळे, सर्वांना समजले आहे ना, याची काळजी गटच घेतो.

जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत आणि घरी कन्नड बोलणारी काही मुले मराठी शाळांतही येतात. ऊसतोडणीच्या हंगामात कृष्णाकाठी स्थलांतरित कुटुंबांची मुलेही येतात. अशा वर्गात ध्वनिमुद्रण हे साधे साधन फार उपयोगी पडते. एका मुलाने आपल्या बोलीत सांगितलेली गोष्ट मुद्रित करून दुसऱ्याने ती मराठीत लिहावी, म्हणजे ज्याची भाषा वर्गात परकी मानली जाते, तोच त्या तासाचा जाणता ठरतो.

आनंदाचे स्वरूप : यंत्र पाहून मुलांस होणारा हर्ष बऱ्याच अंशी नावीन्याचा असतो व तो काही आठवड्यांत ओसरतो. टिकाऊ आनंदाची कारणे निराळी आहेत. अवघड काम स्वतः केल्याचे समाधान, आपले म्हणणे गटाने ऐकले ही जाणीव आणि पूर्ण झालेली कृती इतरांस दाखविता येणे, ही ती प्रमुख कारणे होत. काम सोपे केल्याने मुले आनंदी होतात, हा समज बरोबर नाही. पेपर्ट यांनीही अवघडपणातील मौजेवर भर दिला होता. बक्षिसाचे तारे व गुणांची चढाओढ असलेले खेळ प्रारंभी मुलांस ओढून घेतात. परंतु त्यांत मागे पडणारे मूल तेथेही मागेच पडते आणि या वेळी ते साऱ्यांच्या देखत पडते.

मर्यादा व प्रश्न : ग्रामीण शाळांत विजेचा खंड, थकलेल्या देयकामुळे तुटलेली जोडणी, दुरुस्तीची गैरसोय आणि डोंगरी भागातील क्षीण संदेशवहन या अडचणी वारंवार येतात. लोकवर्गणीतून यंत्र घेणे सोपे असते. पाच वर्षांनी ते बदलण्यासाठी पुन्हा वर्गणी मिळणे कठीण असते. कपाटात कुलूपबंद असलेला टॅब मोडत नाही, पण कोणास शिकवीतही नाही. यांखेरीज मराठीतील दर्जेदार आशयाची उणीव, मुलांच्या माहितीची गोपनीयता, डोळ्यांवर व झोपेवर होणारा परिणाम आणि शिक्षकांवरील नोंदींचा वाढता बोजा, हेही विचारार्ह विषय आहेत. यशस्वी प्रयोग पुष्कळदा एका उत्साही शिक्षकावर वा अधिकाऱ्यावर अवलंबून असतो व त्याच्या बदलीबरोबर तो मंदावतो. म्हणून शिक्षकांनीही गटाने शिकणे, परस्परांच्या शाळा पाहणे आणि अनुभव लिहून ठेवणे आवश्यक आहे.

अल्पपटाच्या शाळांचा प्रश्न याहून गंभीर आहे. पाच-सात मुलांच्या वाडीत सहाध्ययनास सवंगडीच अपुरे पडतात, यास्तव अशा शाळा मोठ्या शाळेत विलीन कराव्यात, असे प्रतिपादन केले जाते. परंतु पावसाळ्यात ओढे ओलांडून दूरच्या गावी जावे लागल्यास लहान मुलांचे, त्यातही मुलींचे, शिक्षण खंडित होण्याची भीती असते. दोन-तीन वाड्यांच्या शाळा ध्वनी किंवा चित्रवाणीने जोडून त्यांतील मुलांचे संयुक्त गट करणे आणि ठराविक दिवशी त्यांना प्रत्यक्ष एकत्र आणणे, हा यातील मध्यममार्ग होय. साधनाने अंतर पुसले जात नाही. पण पलीकडच्या वाडीत आपल्यासारखेच कोणी हेच गणित सोडवीत आहे, हे मुलास कळते.

सारांश, धूळपाटीपासून टॅबपर्यंतच्या वाटचालीत साधनांची किंमत व क्षमता वाढली, तरी त्यांच्या उपयुक्ततेची कसोटी एकच राहिली आहे : साधनापासून सर्वांत दूर बसलेल्या मुलास ते हाताळावयास मिळते काय आणि त्याचे म्हणणे गट ऐकतो काय. कुमठ्याची फरशी, माणमधील फोनवरची गोष्ट आणि वडगावचा भोंगा ही तिन्ही साधने अल्पखर्ची आहेत. ती यशस्वी झाली, ती मुलांना एकमेकांकडे वळविल्यामुळे. यापुढील साधनांची निवडही याच दृष्टीने व्हावयास हवी.